पेटत्या सिगरेटीपुरता मोठा

आमच्या भाऊला कुणी 'छोटू' म्हटलेलं खपायचं नाही. घरात तो थोरला. मी त्याची धाकटी बहीण. माझं ऐकून ऐकून आई-बाबाही त्याला 'भाऊ'च म्हणायला लागले होते. उंचीनं तर तो मिसरूड फुटायच्या आधीच बाबांच्या वर गेला होता. नागपुरातल्या आमच्या सक्करदऱ्याच्या घराच्या चौकटीवर त्याचं कपाळ हमखास आपटायचं. पण मॅट्रिकला नापास झाला, बाबांनी त्याला उमरेड रोडवरच्या ट्रकच्या गॅरेजात काम शिकायला घातलं आणि तिथल्या उस्तादांनी नावही न विचारता हाक मारली, "ऐ छोटू!"

गॅरेजातला छोटू म्हणजे सगळ्यांत नवा शिकाऊ. रॉकेलमध्ये नटबोल्ट धुवायचे, मागतील तो पाना उचलून द्यायचा आणि चहा आणायचा. या चहाचंच त्याला भारी दुःख. इंजिन उघडून खरं काम सुरू झालं, की नेमकी तेव्हाच उस्तादांना तलफ यायची. भाऊ केटली घेऊन परत येतो तोवर इंजिनाचं झाकण बसलेलं असायचं. "काम शिकाले गेलो वं मी," तो मला म्हणायचा, "अन् चहा आणाले शिकून राहिलो." म्हणायचा हसत, पण ताटातली भाकर तशीच राहायची.

एक दिवस मात्र तो घरी आला तो डोळ्यांत चमक घेऊनच. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मले समजलं. ज्याच्या हातात पेटती सिगरेट राहते ना, त्याले कोणी उठवत नाही. तो सिगरेट सरेपर्यंत मोठा माणूस असते."

मग आमचा सराव सुरू झाला. संध्याकाळी तलावाच्या काठाला, झुडपांच्या आड. मी पहाऱ्याला. तो काडी ओढायचा, वाऱ्यानं विझायची, पुन्हा ओढायचा. पहिल्या झुरक्याला त्याला असा ठसका लागला, की पाण्यातले बगळे उडाले. डोळे पुसत त्यानं विचारलं, "दिसतो का वं मोठा?"

"खोकतानी नाही दिसत," मी म्हटलं.

मग न खोकता कसं ओढायचं, यावर त्यानं कितीतरी संध्याकाळी खर्च केल्या. परतताना आईला वास येऊ नये म्हणून पेरूची पानं चावायचा. त्या संध्याकाळी मला अजून हव्याशा वाटतात. त्या तेवढ्या वेळापुरतं माझ्या भावाचं एक गुपित माझ्याकडे होतं, आणि आम्ही दोघं एका बाजूला आणि सगळं जग दुसऱ्या बाजूला होतं.

अशी पोरं बिघडतात ती सिनेमा बघून, वाईट संगतीनं, असं लोक म्हणतात. असेलही. मी भाऊपुरतं सांगते. त्याला गॅरेजातल्या उस्तादांच्या बाकावर बसायचं होतं.

आणि युक्ती लागू पडली. एका दुपारी उस्तादांनी चहासाठी मान वर केली, तर भाऊ शांतपणे सिगरेट पेटवत होता. उस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं, दुसऱ्या पोराला पिटाळलं आणि स्वतः थोडं सरकून म्हणाले, "आ, बैठ." त्या दिवशी भाऊनं व्हॉल्व्ह कसे बसवतात ते पहिल्यांदा जवळून पाहिलं. घरी येऊन वाट्या आणि चमचे मांडून त्यानं मला सगळं इंजिन समजावलं. आई ओरडत होती, "अरे, वाढाले चमचा तं दे!"

बाबा मिलमध्ये होते. बोलायचे कमी, माया सगळी रागावण्यातून. "गधड्या, पाय धू," "गधड्या, डोक्याले तेल लाव." एकदा भाऊ डबा विसरून गेला. बाबांची दुपारपाळी होती, म्हणून ते सायकलवरून डबा द्यायला निघाले. मागे कॅरिअरवर मी. गॅरेजाच्या दारात पोचलो, तर भाऊ बाकावर उस्तादांशेजारी बसलेला, बोटांत सिगरेट. बाबांना पाहून तो ताडकन उठला. हात पाठीमागे नेला, पण धूर खांद्यावरून वर येतच होता.

मी डोळे मिटून घेतले. आता बसणार कानाखाली, असं मला वाटलं. पण बाबांनी डबा हळूच बाकावर ठेवला आणि म्हणाले, "डबा राहिला होता तुमचा. जेवून घ्या."

रात्री जेवण झाल्यावर भाऊ पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला. "बाबा मले 'तुम्ही' म्हणाले वं," तो म्हणाला, आणि तो केवढा तरी उंच मुलगा गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. "दोन थापडा मारल्या असत्या तं बरं झालं असतं."

त्यानंतर बाबांनी त्याला कधी 'तू' म्हटलं नाही. टोमणा नव्हता त्यात, रागही दिसायचा नाही. मुलगा मोठा झाला आहे, एवढंच जणू त्यांनी मान्य करून टाकलं होतं. भाऊ पुढे नावाजलेला मिस्त्री झाला. छोटू म्हणणारं कोणी उरलं नाही. सिगरेट मात्र उरली. मी रागावले, की म्हणायचा, "ज्याच्यासाठी धरली ते कवाचंच भेटलं. पण आता हेच मले सोडून नाही राहिली."

माझं लग्न ठरलं त्याच वर्षी त्याला रायपूरला चांगलं काम मिळालं. स्टेशनवर बाबा आणि मी पोचवायला गेलो. पाया पडून तो उठला, आणि बाबांचा हात धरून म्हणाला, "बाबा, एक डाव 'तू' म्हणा ना."

बाबा "तब्येतीले जपा," एवढंच म्हणाले.

गाडी सुटली. भाऊ दारातून हात हलवत दिसेनासा झाला. शेवटचा डबा पुढे गेल्यावर बाबा रुळांकडे बघत पुटपुटले, "गेला माहा पोट्टा."

आमच्या नागपुरात पोराला पोट्टा म्हणतात. केवढाही झाला तरी बापाला तो पोट्टाच.

दिवाळीला भाऊ आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो सरकून माझ्याजवळ बसला. मग म्हणाला, "पुन्हा सांग." त्यानंतर जेव्हा जेव्हा आला, तेव्हा तेव्हा त्यानं मला ते सांगायला लावलं. बाबा गेले त्या वर्षी तर दिवसातून दोनदोनदा. मी बाबांसारखा आवाज काढायचे, आणि तो लहान मुलासारखा ऐकायचा.

शेवटी छातीनं दगा दिला. रायपूरच्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर त्याला नागपूरच्या दवाखान्यात आणलं. हाताला नळी, गालफडं बसलेली, पाय मात्र अजून खाटेबाहेर जाणारे. मी उशाशी बसले होते. त्यानं खुणेनं मला जवळ बोलावलं.

"सांग ना वं. बाबा काय म्हणाले होते ठेसनावर?"

मी तोंड उघडलं. 'गेला' हा पहिला शब्द ओठांवर आला आणि तिथंच अडला. तो शब्द मला त्या खाटेजवळ उच्चारायचा नव्हता.

"माहा पोट्टा, म्हणाले," मी सांगितलं.

त्याच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. त्यानं डोळे मिटले आणि मान हलवली.