भांडाराचा चहा

शेजारच्या वसुधावहिनी साबण, पावडर, चहा, सगळं सहकारी भांडाराच्या स्वस्त छापाचं आणायच्या. श्यामकांतरावांचे, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचे, चहाचे नखरे फार. म्हणून भांडाराचा चहा त्या गुपचूप नावाजलेल्या कंपनीच्या जुन्या डब्यात ओतायच्या. ते रोज बसने डेराबस्सीच्या कारखान्यात जायचे. तेव्हा पंजाबात अतिरेकी बसमधून उतरवून माणसं मारत होते. वहिनींना त्यांच्यासाठी स्कूटर घ्यायची होती.

पैसे जमण्याआधीच एका संध्याकाळी त्यांची बस अडवली गेली. ते परतलेच नाहीत.

तेराव्याला एकजण म्हणाला, चहा फक्कड झालाय. मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

आता लपवायचं कुणापासून? तरी नवा पुडा आणला की त्या आधी दार लोटतात आणि मग तो डब्यात ओततात.