दुसऱ्याचं कार्टं कडेवर

माझ्या मावशीचं कपडे अल्टर करून देण्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. उंच गिऱ्हाइकाला आत शिरताना वाकावं लागतं, त्यामुळे लोक आपल्यापुढे आदराने वाकतात असा मावशीचा गोड गैरसमज आहे. माणसं सुटतात, वाळतात, पुन्हा सुटतात. मावशी शिवणी आत घेते, उसवते, पुन्हा आत घेते. कुणाचं पोट कितपत पुढे आलंय हे तिला तोंडपाठ, पण तोंडातून अवाक्षर काढत नाही. काढणार कुठून? दिवसभर तोंडात टाचण्या.

एकदा दातांच्या डॉक्टरीणबाई स्टुलावर उभ्या होत्या आणि मावशी खाली बसून त्यांच्या स्कर्टची दुमड टाचत होती. बाई सांगत होत्या, "आम्हा बायकांचा एक गट आहे. वर्षभर प्रत्येकीने सारखाच वाटा टाकायचा आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एकच चांगलं काम निवडून त्याला सगळा पैसा द्यायचा. येणार का तुम्ही?" तेवढ्यात मावशीने "जरा वळा" अशा अर्थाने मान हलवली. बाईंनी तो होकार धरला आणि वळून तिला मिठीच मारली. तोंडात टाचण्या असताना कुणी मिठी मारली तर माणूस नाही कसं म्हणणार?

घरी काका हसून हसून बेजार. "दान? आणि तू? वर दोन लिंबं फुकट घेतल्याशिवाय भाजीवाल्याला सोडत नाहीस!"

"सोडत नाही म्हणूनच द्यायला शिल्लक राहतं," मावशी म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी तिच्या डोक्यात एक किडा वळवळू लागला. तिची धाकटी जाऊ बसडेपोत बस धुते. तिथे बायकांना कपडे बदलायला जागा नाही. झाडू-बादल्यांच्या कपाटात एकीने शिरायचं, दुसरीने बाहेरून दार धरायचं. जाऊ या प्रकाराला इतकी विटली होती, की वर्षाअखेर नोकरी सोडते म्हणाली. नोकरी तिला आवडायची. धुतलेली बस गेटबाहेर पडताना ती लेकीची पाठवणी करावी तशी बघत उभी राहायची. आणि मुख्य म्हणजे, या दोघींचं स्वयंपाकघर एक. "ती दिवसभर घरी बसली," मावशी म्हणाली, "तर आमच्यातली एकच जिवंत राहील. कोण ते सांगता येत नाही."

तेव्हा गटापुढे डेपोतल्या खोलीचा प्रस्ताव ठेवायचाच, असं मावशीने ठरवलं. भाषणही तयार केलं. पण गटाची एक रीत तिला ठाऊक नव्हती. तिथे आपल्या प्रस्तावावर आपण बोलायचं नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, जिचा निघेल तिचा प्रस्ताव घ्यायचा, ती जागा स्वतः बघून यायची आणि मग तो आपलाच असल्यासारखा मांडायचा. आपला तो बाब्या हे तर कुणीही म्हणेल, दुसऱ्याचं कार्टं कडेवर घेऊन दाखवा, असा एकूण मामला.

डॉक्टरीणबाईंना मावशीचा डेपो निघाला. मावशीला निघाला डॉक्टरीणबाईंचा प्रस्ताव : वृद्धाश्रमातल्या बायकांसाठी केस धुण्या-कापण्याची खोली. खुर्ची, बेसिन, आरसा आणि अधूनमधून येणारी पार्लरवाली.

"ऐंशीच्या बायकांना पार्लर!" जाऊ कडाडली. "आणि आम्ही बादलीत पाय घालून उभ्या! ताई, जाऊन ये, पण बोलताना जांभया दे."

मावशीचाही बेत तसाच होता. ती वृद्धाश्रमात गेली. तिथे सगळ्या बायकांचे केस एकाच मापाने कापलेले, कुंपण छाटावं तसे. कापणारी सेविका म्हणाली, "काय करणार हो, हात दोनच आहेत." मावशीला हे पटलंही आणि खुपलंही. सगळ्यांना एकच माप ही गोष्ट तिला सहनच होत नाही. खिडकीजवळच्या एका आजीच्या मानेवर एक बट तिरकी लोंबत होती. मावशीला राहवेना. पर्समधली कात्री काढून तिने ती सारखी केली, मग दुसरी बाजू, मग पुढचे थोडे. आजीने मान पुढे केली. संपल्यावर तिने विचारलं, "मागून कसं दिसतंय?"

हा प्रश्न मावशी दुकानात रोज ऐकते. ज्या बाईला कुठेतरी जायचं असतं, कुणालातरी दिसायचं असतं, तीच तो विचारते. आजी तर महिनोन्‌महिने कुठे गेलेली नव्हती.

सभा दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये भरली. भिंतीवर किडलेल्या दाढेचं चित्र असल्यामुळे निम्म्या बायका गाल धरून बसल्या होत्या. डॉक्टरीणबाई आधी बोलल्या. त्या डेपोत गेल्या होत्या आणि मॅनेजरला म्हणाल्या होत्या, "तुम्ही जरा या कपाटात शिरून कोट बदलून दाखवता का?" भल्या माणसाने प्रयत्न केला. बाहेर आला तेव्हा एक हात बाहीत, दुसरा बादलीत आणि डोक्यावर झाडू. बायका आधी हसल्या, मग हळहळल्या. मावशीला वाटलं, जिंकलो.

मग तिची पाळी आली. तिने जांभई द्यायला तोंड उघडलं आणि बाहेर पडली ती आजी. बट, कात्री, तो प्रश्न, सगळं. "खुर्ची नका देऊ हवं तर," ती म्हणाली, "पण त्यांना मागून कसं दिसतंय ते सांगणारं कुणीतरी द्या." खाली बसल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो.

हात वर झाले. वृद्धाश्रम जिंकला, तोही थोडक्यात.

"तुझ्यापेक्षा ती दाढा उपटणारी बरी!" जाऊ म्हणाली. "ती परकी असून माझ्यासाठी भांडली!" आणि तिने अबोला धरला. भांडीसुद्धा मावशीकडे पाठ करून घासायची. मावशी बिचारी मीठ कुठे ठेवलंय हे काकांमार्फत विचारायची.

पण मॅनेजरच्या मनातून ते कपाट जाईना. पुढच्या आठवड्यात त्याने हरवलेल्या वस्तूंची खोली रिकामी करवली. बेवारशी छत्र्यांचा ढीग बाहेर निघाला आणि किल्ली बायकांच्या हाती आली. त्या दिवशी जाऊ घरी आली, चप्पल न काढताच स्वयंपाकघरात उभी राहिली आणि भिंतीला उद्देशून म्हणाली, "खोली मिळाली. खिडकी लागत नाही. नळ नाही. म्हणजे कुणी लगेच शेफारू नये."

"नोकरी?" मावशीने विचारलं.

"नळ मिळेपर्यंत तर कुठे जात नाही." मग चप्पल काढत, "तुमच्या त्या गटात पुढच्या वर्षी मी येऊ का?"

"ये की. पण नळाबद्दल तुला बोलता येणार नाही हं. तो दुसरीला जाईल. तुझ्या वाट्याला भलतंच काहीतरी येईल."

"येऊ दे. मी काय तुझ्यासारखी रडवत बसणार नाही, ठणकावून सांगेन." जाऊने खुर्ची ओढली. "आधी त्या खिडकीला पडदा शिव. जाड हवा. आणि पिवळा नको."

"पिवळाच पडलाय माझ्याकडे."

"मग नकोच!"

काकांनी हळूच मिठाचा डबा दोघींच्या मधे ठेवला आणि ते बाहेर सटकले.