वाघोबापाशी थांबू नको

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. भाऊच्या चक्कीत काय दळलं जातं आणि भाऊच्या पोटात काय शिजतं, दोन्ही तिला कळतं असं गाव म्हणतं. हे मात्र तिला कळलेलं नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही माझ्याकडे उत्तर मागायला आलेला नाही – म्हणून असेल.

सावली तालुक्यात, जंगलाला लागून आमचं गाव. माझी पिठाची चक्की आहे. रविवारी माझ्याच पडवीत आमची मंडळी जमते, ख्रिस्तावर विश्वास ठेवणारी मोजकी घरं. पाळक तालुक्याहून कधीमधी येतात, एरवी प्रार्थना मीच चालवतो. आणि माझी ख्याती अशी, की भाऊला प्रभू उत्तर देतो. पोरीचं लग्न जमवायचं, बैल विकायचा – लोक येतात, मी आत जाऊन गुडघे टेकतो, बाहेर येऊन सांगतो. मी खरंच मागायचो हो. धन कधी मागितलं नाही. बुद्धी मागितली, बरं-वाईट ओळखायची बुद्धी. त्यात ढोंग नव्हतं. निदान तोवर तरी नव्हतं.

आमच्याकडे मोहफुलं वेचायला बाया पहाटे निघतात. जंगल सुरू होतं तिथे झाडाखाली वाघोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. तिथे सगळ्या थांबतात. कुणी उदबत्ती लावतं, मागून येणाऱ्या पोचेपर्यंत बाकीच्या उभ्या राहतात, आणि मग एकमेकींना हाका मारत सगळ्या मिळून आत शिरतात. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चालत आलंय.

मी एका रविवारी ठासून सांगितलं होतं – आपल्या माणसानं त्या दगडापाशी उभंसुद्धा राहायचं नाही. काय बोललो होतो मी त्या दिवशी! पाळकांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. ती थाप मला फार दिवस पुरली.

मग सुमन आली. मनोहरची बायको, आमच्याच मंडळीतली, गरीब स्वभावाची. मोहाचा हंगाम लागला होता आणि वाघाच्या पंजांचे ठसे नाल्याच्या रेतीत दिसले होते. चक्कीच्या दारात उभी राहून म्हणाली, "भाऊ, मी हात नाई जोडत. नुसती उभी राहतो, बायांच्या सोबतीसाठी. एकटीले भेव लागते. चालते का? प्रभूले विचारून सांगा."

मी आत गेलो. गुडघे टेकले. आणि – हेच सांगायचं होतं, एवढा वेळ याच्याभोवतीच फिरतोय – मला उत्तर मिळालं. एरवी मन चाचपडत असायचं, त्या दिवशी लख्ख कळलं. उभी राहू दे तिला. दगडापुढे उभं राहणं म्हणजे दगडाला भजणं नव्हे. तो प्रभूचा आवाज होता की माझीच अक्कल, मला सांगता येणार नाही. पण ते खरं आहे, हे मला कळलं होतं. वर्षानुवर्षं जे मागितलं ते ओंजळीत पडलं होतं, आणि मला काय आठवावं? पाळकांची थाप. आपलंच बोलणं आपणच फिरवायचं? मंडळीत नाक कापलं जाईल त्याचं काय?

मी बाहेर आलो आणि म्हणालो, "प्रभू म्हणते, वाघोबापाशी थांबू नको. पुढं चाल. तो सांभाळन."

तिचा चेहरा उजळला. तिनं विश्वास ठेवला, दुसरं काय करणार होती? ती माझा शब्द घेऊन गेलीच नाही, देवाचा घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाया दगडापाशी एकमेकींची वाट बघत होत्या. सुमन त्यांच्याकडे बघून हसली आणि टोपली घेऊन एकटीच पुढे गेली. बाया हाका मारत आत शिरल्या तेव्हा तिच्याकडून ओ आली नाही. मोहाखाली टोपली पडली होती, तळाशी थोडी फुलं होती. सुमन पुढे नाल्यात सापडली.

गाव म्हणालं, वाघोबा कोपला. आमची मंडळी म्हणाली, प्रभूनं बोलावून घेतलं. मातीच्या वेळी मीच तसं बोललो, आणि माझा आवाज कापला नाही. ती एकटी होती, म्हणून गेली – एवढी साधी गोष्ट कुणी बोललंच नाही. मला ते सोयीचं होतं. मनोहरनं माझे हात धरले आणि रडत म्हणाला, "भाऊ, तुमी होता म्हणून धीर आहे." मी हात सोडवून घेतले नाहीत.

तेव्हापासून मी आत जातो, गुडघे टेकतो, पण काही मागत नाही. मागायची भीती वाटते. ती बुद्धी पुन्हा मिळाली तर? थोडा वेळ थांबतो, उठतो, बाहेर येऊन काहीतरी सांगतो. लोकांची कामं होतात. ख्याती वाढलीच आहे.

आता पुन्हा मोह गळतोय, आणि वाघ आहेच. काल मनोहर आला होता. "भाऊ, पोरगी मोह्यावर जातो म्हणते. तिनं वाघोबापाशी थांबावं का नाई? विचारा न प्रभूले."

मी आत गेलो. भिंतीकडे बघत बसलो. बाहेर येऊन म्हणालो, "थांबू दे. बायांसंगच जाऊ दे."

तो जायला वळला आणि पुन्हा मागे फिरला. "मंग सुमनले काऊन नाई म्हटलं होतं? आता प्रभूच म्हणते का असं?"

माझंच म्हणणं आहे असं सांगितलं असतं, तर तेव्हाचं कुणाचं होतं, तेही सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, "हो. प्रभूच म्हणते."