दुपट्ट्याखाली सांगितलेला भाव

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठली चोरी कुठल्या ठाण्यात असताना उघडकीस आली, हे सांगताना मी चुकतो. ऑनलाइन लिलावातल्या दमणीची केस मात्र पहिल्या तक्रारीपासून शेवटच्या सहीपर्यंत जशीच्या तशी आठवते. तिच्याबद्दल मी वर्तमानपत्रांना जी माहिती दिली ती चुकीची होती. ती दुरुस्त करायची राहिली, म्हणून हे लिहितो आहे. नावे कोणाचीच लिहिणार नाही.

मी तेव्हा अचलपूर भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. वऱ्हाडातली ती फार वाईट वर्षे. सकाळची हजेरी संपली की समोर येणारा पहिला कागद बहुधा मर्गचा, म्हणजे अकस्मात मृत्यूचा असे. विहीर, नाही तर विषाची बाटली. पंचनामे करून आलेले शिपाई डबा उघडत नसत. अशा दिवसांत फसवणुकीची साधी तक्रार आली की खरे सांगतो, बरे वाटे. निदान कोणी मेलेले नसे.

तक्रारदार अकोल्याचा तरुण. शहराबाहेर स्वतःच्या शेतात तो हुरडा पार्टीचे हॉटेल काढत होता. इंटरनेटवरच्या एका लिलावात त्याने जुनी दमणी घेतली होती. दमणी म्हणजे बैलांची हलकी, छताची गाडी. पूर्वी घरच्या बायकामाणसांना परगावी न्यायला ती जुंपत. लिलाव एक रुपयापासून सुरू झाला होता आणि जाहिरातीत स्पष्ट लिहिले होते : राखीव किंमत नाही. म्हणजे शेवटची बोली कितीही कमी असो, माल द्यायचा. बोली लावणारे दोघे-तिघेच निघाले आणि पितळी खिळ्यांची ती सागवानी दमणी एका बऱ्या सायकलीच्या भावात याला मिळाली. याने पैसे भरले. विकणाऱ्याने ते परत पाठवले आणि कळवले, भाव पटला नाही.

"मले पैसे नाई पायजे, साहेब," तो म्हणाला. "मले दमणी पायजे. म्या गेटाजवळ चौथरा बांधून ठेवला. लोक इचारून राहिले, पुतळा कोणाचा बसवता म्हणून."

विकणारे होते बैलबाजारातले एक जुने दलाल. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणे. त्यांची बैलजोडी गेल्यावर दमणी अंगणात पडून होती. मुलाने परतवाड्याला इंटरनेटचे दुकान टाकले होते, आणि दमणी लिलावाला लावली होती त्यानेच.

मी चाचांना बोलावून घेतले. ते आले ते तावातावाने.

"साहेब, हर्रासात भाव नाई पटला तं शेतकरी माल घरी नेते. कोनी त्याले चोर म्हनते का?"

वऱ्हाडात लिलावाला हर्रास म्हणतात, आणि मार्केट यार्डात ते म्हणत होते तसेच चालते. मी सांगितले की हा प्रकार वेगळा आहे. इथे कमीत कमी किंमत आधी टाकावी लागते.

"टाकली हाय ना. म्या सांगतली पोराले."

तक्रारीसोबत जाहिरातीची छापील प्रत होती. मी वाचून दाखवले : राखीव किंमत नाही.

"पुन्हा वाचा."

पुन्हा वाचले. चाचांचा आवाज तिथे बंद झाला. थोडा वेळ त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचे टोक चाचपले, मग उठून सलाम केला आणि गेले. मी मनात म्हणालो, सापडला.

दोन-चार दिवसांनी खबर आली. बाजारातला आमचा चहावाला सांगून गेला, "साहेब, दमणी टेम्पोत चढवून राहिले. दुसरा गिऱ्हाईक भेटला वाटते." मी जीप काढली आणि नाक्यावर टेम्पो अडवला. आत चाचांचा मुलगा दमणीचा दांडा धरून बसला होता.

"कुठे नेतोस?"

"अकोल्याले, साहेब. ज्यानं घेतली त्याले द्याले. अब्बाले माहीत नाई."

ड्रायव्हरला विचारले तर तो म्हणाला, भाऊ सांगतील तिकडे. त्या नाक्यावरून अकोल्याला जाता येई, तसेच अमरावतीलाही. मला खबर पटली होती, मुलाचे बोलणे पटले नाही. दमणी मुद्देमाल म्हणून जप्त केली, चारशे वीसचा गुन्हा दाखल केला, चाचांना घरून आणले आणि मुलाला चौकशीसाठी बसवून ठेवले. दुपारीच प्रेसनोट दिली : ऑनलाइन लिलावात विकलेली दमणी दुसऱ्याला विकण्याच्या बेतात असलेला दलाल जेरबंद. दमणीशेजारी चाचा, दोन्ही बाजूंना शिपाई, असा फोटोही काढू दिला. वरिष्ठांचा कौतुकाचा फोन आला. इंटरनेटचे गुन्हे तेव्हा नवीन होते.

चाचांची चौकशी मी स्वतः केली. सुरुवातीला अहो-जाहो होते, ते अर्ध्या तासात अरे-तुरेवर आले.

"किती पाहिजे होते तुला? आकडा सांग."

ते गप्प.

"तोंड आहे ना?"

"मलेच आत टाका, साहेब," ते म्हणाले. "पोराले घरी जाऊ द्या. त्याचं दुकान बंद हाय."

हा मी कबुलीजबाब समजलो. ठाण्यात बरीच वर्षे काढलेल्या माणसाला गप्प बसणारा आरोपी आवडतो. त्याच्या गप्प बसण्यात आपल्याला हवे ते भरता येते.

मग मुलाचा जबाब घेतला. राखीव किंमत टाकायची नाही हे कोणी ठरवले, एवढाच माझा प्रश्न होता.

"मी अब्बाले इचारलं होतं, कमीत कमी किती लिहू? त्या वक्ती दुकानात गर्दी होती. ते काई बोललेच नाई. माह्या हातावर दुपट्टा टाकला, हात धरला, बोटं दाबली. मले वाटलं ते म्हनतात, बेटा, तुझी मर्जी. मी नाही असं लिहिलं. एक रुपयापासून लावलं की गिऱ्हाईक जास्त येते, असं त्या साइटवर होतंच."

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराने मान वर केली. मीही लेखणी खाली ठेवली. बाजाराच्या बंदोबस्ताला मी किती वेळा उभा राहिलो असेन. दोन माणसे समोरासमोर बसतात, हातांवर कापड टाकतात, आतल्या आत एकमेकांची बोटे धरतात आणि आसपासच्या कोणाला कळू न देता बैलजोडीचा भाव ठरतो. दलालाच्या तोंडून चारचौघांत भाव कधी निघत नाही. चाचांनी आयुष्यभर हेच केले होते. मुलाने विचारले तेव्हाही त्यांनी उत्तर दिले होते, त्यांच्या पद्धतीने. मुलाला ते वाचता आले नाही.

आणि ही गोष्ट त्यांना कळली माझ्याच टेबलासमोर, मी ते तीन शब्द दुसऱ्यांदा वाचले तेव्हा.

मी चाचांना कोठडीतून आणले आणि खुर्ची दिली. मुलगा भिंतीशी उभा होता.

"चाचा, तुम्ही भाव सांगितला होता."

त्यांनी मुलाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "त्याले कायले इचारलं, साहेब?"

"अब्बा, तोंडानं सांगाचं ना," मुलगा म्हणाला.

"चार पोट्टे बसले होते तुह्या दुकानात. त्याहिच्यासमोर भाव बोलतात का?" मग आवाज खाली आला. "तुही काय चूक? बाजार म्याच नाई दाखवला तुले."

पुढचे ते माझ्याकडे पाहून बोलले. "हा शिकून राहिला होता त्या सालात, साहेब, बैल इकाले येणारा मानूस दावं हातातून सोडत नसे. दलाली घेताना मले वर पाहाले होत नसे. म्हनलं, पोरगं हे नाई शिकलं तं बरं. आता ठाण्यात कसं सांगू, दलालाच्या पोराले हात समजत नाई म्हनून? त्याची काय इज्जत राहिली?"

मुलाने बापाच्या खांद्यावरून घसरलेला दुपट्टा नीट केला.

अकोल्याचा तक्रारदार मुद्देमाल ओळखायला आला होता आणि दारातल्या बाकावर बसून त्याने सगळे ऐकले होते. तो आत आला.

"कायद्यानं दमणी माही हाय ना, साहेब?"

"राखीव किंमत नव्हती. लिलावाच्या नियमाप्रमाणे तुमची."

"मंग मले एकदा हे करून पाहू द्या." त्याने खुर्ची ओढली आणि चाचांसमोर हात धरला. "घ्या, चाचा. हळू दाबा पण. चौथरा बांधून बांधून फोड आले."

चाचांनी माझ्याकडे परवानगीसाठी पाहिले. मी मान हलवली. त्यांनी दुपट्टा पसरला.

"बापा, एवढे?"

"तोंडानं नाई, बेटा."

कापड हलत राहिले. तरुणाने उलट भाव द्यायचा प्रयत्न केला तेव्हा चाचा त्या दिवसात पहिल्यांदा हसले. "असा भाव देशील तं हॉटेल इकशील." त्यांनी त्याची बोटे कशी धरायची ते आतल्या आत शिकवले असावे, कारण पुन्हा बराच वेळ दोघे गप्प होते. मुलगा वाकून त्या दुपट्ट्याच्या घड्यांकडे पाहत होता, जणू वरून काही वाचता येईल.

"देल्ली दमणी," चाचा म्हणाले.

तरुणाने लिलावातल्या रकमेपेक्षा बरेच जास्त दिले असणार. किती, ते दोघांनीही सांगितले नाही. त्याने लिहून दिले की तक्रार गैरसमजातून झाली. न्यायालयाच्या आदेशाने दमणी सुटली आणि मी केसमध्ये सी समरी पाठवली. गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून झालेल्या तक्रारी आम्ही तशा बंद करतो.

समरीची बातमी होत नाही. प्रेसनोटची झाली होती, फोटोसकट. मी दुसरी प्रेसनोट काढू शकलो असतो. तसा प्रघात नव्हता, आणि वरिष्ठांच्या कौतुकाच्या फोनला फार दिवस झाले नव्हते.

पुढच्या महिन्यात बाजाराच्या बंदोबस्ताला गेलो. चाचा नेहमीच्या जागी बसले होते. लोक त्यांना सलाम करत आणि बैल घेऊन पुढच्या दलालाकडे जात. ज्याचा फोटो शिपायांबरोबर छापून आला, त्याच्या दुपट्ट्याखाली हात घालायला कोणी तयार नव्हते. चाचांनी मला पाहून हात वर केला. माझ्या जीपवर भोंगा होता. खिसेकापूंपासून सावध राहा, अशी सूचना मी त्या दिवशी स्वतः दिली. माईक हातात होता. आणखी दोन वाक्ये बोललो असतो तर बाजाराने ऐकली असती. मी बटण बंद केले.

त्यानंतरच्या नोकरीत मी एक सवय लावून घेतली. माणूस गप्प झाला की तो कोणत्या शब्दापाशी गप्प झाला, ते आधी लिहून ठेवायचे. तिचा पुढे पुष्कळांना उपयोग झाला. चाचांना झाला नाही. दुपट्ट्याखालची बोटांची भाषाही मी एका निवृत्त बाजार निरीक्षकाकडून शिकलो, तीही उशिराच.

मागे मी हयातीचा दाखला काढायला बडनेऱ्याच्या एका सेवा केंद्रात गेलो होतो. मशीन माझा अंगठा घेईना. काउंटरमागच्या माणसाने माझे बोट धरून काचेवर दाबले आणि म्हणाला, "सैल सोडा, साहेब." आवाजावरून ओळखले. चाचांचा मुलगा. केस पिकले होते.

"अब्बा?"

"गेले. शेवटी लकवा झाला होता. बोलणं गेलं, उजवा हात चालत होता. मंग दुपट्टा टाकून हात धरत. मी शिकलो. दिवसभर आमचा सौदा चाले. औषध घ्याचं की नाई, त्याच्यावरही घासाघीस."

मला जे विचारायचे होते ते विचारायला धीर होईना. त्यानेच सांगितले.

"एकदा म्हनलं, अब्बा, त्या दिवशी किती लिहाचं होतं? सांगितलं त्याहिनं."

"किती?"

त्याने आजूबाजूला पाहिले. दाखल्यासाठी रांग होती. त्याने खिशातून रुमाल काढला, माझ्या हातावर टाकला आणि बोटे धरली. हात सोडल्यावर म्हणाला, "साहेब, कदी लिहाल तं नाव नका टाकू. अब्बानं भाव सांगितला होता, एवढं टाका."

म्हणून नोंद दुरुस्त करतो. टेम्पो अकोल्यालाच चालला होता. दुसरा कोणी गिऱ्हाईक नव्हता. त्या दलालाने कोणाची फसवणूक केली नाही. कमीत कमी भाव त्यांनी लिलावाच्या आधीच सांगितला होता. तो आता मला ठाऊक आहे, आणि तो वाजवी होता.