सुईचं टोपण

लातूरहून तीन दिवसांचं सुरक्षेचं प्रशिक्षण करून मी आले आणि सगळ्यात आधी कपाटाची किल्ली मागितली. नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची रक्त तपासायची लॅब. प्रमुख मी झाले होते, पण किल्ल्या अजून काकांच्या खिशात. काका म्हणजे आमचे सर्वांत जुने टेक्निशियन. शीर कशी शोधायची हे मला त्यांनीच शिकवलं.

कपाटात सुया कापायचं यंत्र होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. तपासणीला साहेब आले की ते टेबलावर यायचं, साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली की परत आत. एरवी काका रक्त काढून झालं की दोन्ही हातांनी सुईवर टोपण बसवायचे आणि मगच ती टाकायचे. नेमकं हेच करू नका म्हणून लातूरला आमच्याकडून घोकून घेतलं होतं.

काकांनी कपाट उघडलं, किल्ली परत खिशात टाकली. "नवी चीज हाय, खराब होईल. आन् बिनटोपणाची सुई टाकली तर झाडणाऱ्या मावशीच्या हातात घुसंल की."

माणूस चुकत होता तो मायेपोटी. तरी मला रागच आला, कारण ती माया मी भोगली होती. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मला सुई टोचली. काकांनी बोट दाबून रक्त काढलं, स्पिरिट चोळलं आणि म्हणाले, "कुणाला सांगू नको. तुझं लगीन व्हायचंय." मी सांगितलं नाही. एचआयव्हीच्या धास्तीनं तीन महिने माझ्या ताटातलं कुणाला घेऊ दिलं नाही. आईला वाटलं, पोरगी नोकरी लागल्यापासून शेफारली. शेवटी गुपचूप स्वतःचंच रक्त तपासलं, तेव्हा कुठे घास नीट उतरला.

यंत्र टेबलावर आलं, पण सवय कुठली जाते! आठवड्याच्या आतच सकाळच्या गर्दीत काकांनी टोपण लावायला घेतलं आणि सुई अंगठ्यात गेली. ते स्पिरिटच्या बाटलीकडे वळले. मी बाटली उचलून घेतली आणि नळ सोडला.

"साबणानं धुवा. दाबू नका. मग नांदेडला सरकारी दवाखान्यात जायचं, आत्ताच. एचआयव्ही रोखायचं औषध जितक्या लवकर तितकं बरं."

"येड लागलं का? गावात कळलं तर लोक काय म्हणतील? रिटायर व्हायला आलो मी."

"तुम्ही निघेपर्यंत मी एकही नमुना तपासणार न्हाई."

बाहेर रांग कुरकुरायला लागली. गुरूशी असं बोलले आणि खुर्चीत घट्ट बसून राहिले. शेवटी काका उठले. "लातूरला जाऊन लई शहाणी झालीस," म्हणाले. मावशींना सोबत देऊन मी त्यांना एसटीत बसवलं.

औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी मी सुई टोचल्याच्या नोंदीची कोरी वही त्यांच्यापुढे ठेवली. एकच ओळ लिहायची होती. काका लिहीतच राहिले. आठवतील तितक्या वर्षांच्या टोचलेल्या सुया त्यांनी एकाखाली एक उतरवल्या, सही केली, खिशातली किल्ली काढून पानावर ठेवली आणि पहिल्या पेशंटला हाक मारली.

मी किल्ली उचलली. तिच्याखालची ओळ होती: "नवीन मुलगी, पहिला महिना. सांगू नको असं मीच सांगितलं. चूक माझी."