ती बाई गयी, आते बोल

हेडफोनचा एक कान मागे सरकवायचा, डाव्या हाताचं बोट वर धरायचं आणि काचेपलीकडे माइकसमोर बसलेल्या माणसाच्या गळ्याकडे बघत राहायचं. मग हळूच म्हणायचं, "आला." लगेच फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, वर जायचा आणि पुढच्या क्षणी तो माणूस बोलायला लागायचा.

"आला" म्हणजे श्वास. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो हे तुम्हाला मला सगळ्यांनाच माहीत आहे, पण त्यावर पट्टी सरकवणारा माणूस मी एकच पाहिला. त्याच्या हातून कुणाचा पहिला शब्द कधी कापला गेला नाही, आणि शब्दाआधीची खुर्चीची करकर कधी रेडिओवर गेली नाही.

माझ्या हातून दोन्ही झालं. एकदा एका बड्या अधिकाऱ्यांचा "नमस्कार" जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत "मस्कार" असा ऐकू गेला. पुढे वर्षभर निवेदक मंडळी मला पाठीमागे मस्कार मॅडम म्हणत. मला ते माहीत होतं. मी हजेरीपटावर सही करून कामाला लागायचे.

आमचं जळगावचं सरकारी रेडिओ केंद्र. मी तिथे कायम नोकरीत, इलेक्ट्रॉनिक्सची पदविका, तीन प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं. हा श्वासवाला शिंदखेड्याकडचा, कंत्राटावरचा. आधी लग्नात, ग्रामसभेत लाउडस्पीकर लावायचा. सगळे त्याला नाना म्हणत. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण मलाही नाईलाजाने नानाच म्हणावं लागे. तो मला बाई म्हणे. बाकी सगळे मॅडम म्हणत, हा एकटा बाई.

"पुस्तक काय म्हणस, बाई?" हा त्याचा ठरलेला प्रश्न. एखादी लाइन घरघरायला लागली की मी मार्गदर्शिका उघडायचे आणि तो हसून हे विचारायचा. खवचटपणे विचारलं असतं तर मी उलट बोलले असते. पण त्याला खरंच ऐकायचं असायचं. मी वाचून दाखवायचे, तो मान डोलवायचा आणि मग वायर दोन बोटांत धरून किंचित पिळायचा. घरघर बंद. "पुस्तक बरोबर शे," म्हणायचा.

एकदा बाजारभावांवर बोलायला कापडबाजारातले एक मारवाडी शेठ आले. प्रत्येक वाक्याला टेबलावर थाप मारायची त्यांना सवय. मी त्यांना नम्रपणे सांगितलं की माइकमध्ये आवाज येतो, हात मांडीवर ठेवा. त्यानंतर शेठना बोलायलाच सुचेना. नाना आत गेला, टेबलावर टॉवेलची घडी ठेवली आणि म्हणाला, "शेठ, टेबल थंडगार आहे. हात यावर राहू द्या." शेठ वीस मिनिटं टॉवेलवर थापा मारत बोलले. जाताना मला म्हणाले, "आपका आदमी बहोत होशियार है."

माझा माणूस!

ड्युटीचा तक्ता लागला की निवेदक त्यात एकच गोष्ट बघत, पॅनेलवर कोण आहे. त्याचं नाव असलं तर "वा!" माझं असलं तर "बरं." एवढाच फरक, पण एकोणीस वर्षं "बरं" ऐकून बघा.

मी श्वासाचा सराव घरी केला, हेही सांगून टाकते. जेवताना नवऱ्याच्या गळ्याकडे बघत बसायचे. दोन दिवसांनी त्याने विचारलं, "काही लागलंय का मला?" म्हटलं, "तू बोलायच्या आधी श्वास घेत नाहीस." तो म्हणाला, "तू घेऊ देतेस कुठे?"

केंद्रात महत्त्वाचं थेट प्रक्षेपण असलं की मुख्य खुर्चीवर कोण बसणार हे केंद्रप्रमुख ठरवत. मुख्य खुर्ची म्हणजे सगळे फेडर जिच्यासमोर येतात ती. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने लाइनी तपासायच्या. ज्येष्ठता माझी, पण मुख्य खुर्ची दर वेळी नानाला. मंत्रीमहोदय मुंबईहून बचतगटांच्या बायकांशी थेट बोलणार असं पत्र आलं तेव्हा मी स्वतः केबिनमध्ये गेले.

"सर, या वेळी मी बसते."

प्रमुख म्हणाले, "मॅडम, तुमच्याबद्दल प्रश्नच नाही. पण थेट आहे ना, म्हणून नाना."

मी पुन्हा शेजारच्या खुर्चीवर.

त्या दिवशी पारोळ्याजवळच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या खोलीत आमचे दोघे जण माइक आणि हेडफोन घेऊन बसले होते. तिथून गटाच्या अध्यक्षा बोलणार होत्या. ज्वारीचे बिबडे करून विकणारा गट. बिबडे म्हणजे आमच्याकडचे उन्हात वाळवायचे ज्वारीचे पापड. साठीच्या पुढच्या बाई, गावात सगळ्यांच्या अक्का. सकाळी तालीम झाली. "काही अडचण आहे का?" असं विचारलं की "सरकारच्या कृपेने सर्व ठीक आहे" म्हणायचं, असं कुणीतरी त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं.

आता एक तांत्रिक गोष्ट, एकच. गावातल्या बाईच्या कानात मुंबईचा आवाज गेला पाहिजे, पण तिचा स्वतःचा आवाज जाता कामा नये. गेला तर तो जरा उशिराने परत येतो आणि भलेभले अडखळतात. त्यासाठी परतीच्या लाइनीला एक बटण असतं. सकाळी ते बरोबर होतं. मधल्या वेळात दुसऱ्या एका ध्वनिमुद्रणासाठी कुणीतरी ते फिरवलं आणि तसंच ठेवलं.

सुरू व्हायला पाच मिनिटं असताना मला ते दिसलं.

तेवढ्यात नानाने विचारलं, "बाई, परतीची लाइन बघितली ना?"

"बघितली," मी म्हणाले.

बघितलीच होती. मला इतकंच हवं होतं की एकदा, फक्त दोन सेकंद, तो गडबडावा. मग मी हात लांब करून बटण फिरवणार होते आणि ते प्रमुखांना काचेतून दिसणार होतं. इतका साधा हिशेब.

मंत्र्यांनी प्रश्न विचारला. अक्का "नमस्कार साहेब, आमचा गट" एवढं म्हणाल्या आणि थांबल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबल्या. मग सगळ्या खानदेशाला ऐकू गेलं, "साहेब, मधमा कोनी बाई बोली राह्यनी. तिनं व्हऊ द्या पहिले."

कुणी बाई बोलतेय, आधी तिचं होऊ दे. एवढं म्हणून अक्का शांत बसल्या. तिकडे मंत्रीही थांबले. प्रक्षेपणात सात सेकंद शांतता म्हणजे काय ते रेडिओत काम केल्याशिवाय कळायचं नाही. माझा हात मांडीवर होता. तो उचललाच गेला नाही.

नानाने परतीचा आवाज पूर्ण बंद केला, फक्त अक्कांच्या कानात जाणारं बोलण्याचं बटण दाबलं आणि शेजारच्या खाटेवर बसल्यासारखा म्हणाला, "अक्का, ती बाई गयी. आते तू बोल."

मी असते तर काय म्हटलं असतं, ते मला ठाऊक आहे. "ताई, तो तुमचाच प्रतिध्वनी आहे, दुर्लक्ष करा." दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाढले मी. शाळेतलं मराठी स्वच्छ बोलते. अहिराणी कळते, बोलता येत नाही. आणि मला ती येत असती तरी हे सुचलं नसतं, हे जास्त बोचतं.

अक्का बोलल्या. घोकलेलं सगळं विसरून बोलल्या. बिबडे वाळवायला जागा नाही, गच्चीवर माकडं येतात, शाळेच्या पटांगणात घातले तर पोरं तुडवतात, एक शेड द्या. चार मिनिटं. मंत्री दोनदा हसले आणि शेड देतो म्हणाले. त्या बोलत असतानाच नाना माझ्यापुढून वाकला आणि ते बटण जागेवर आणलं. क्षणभर बटणाकडे बघत राहिला. माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सात सेकंदांचा लेखी खुलासा मागवला गेला, मुख्य खुर्चीवर होता म्हणून त्याच्याकडून. दुपारी तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला.

"बाई, जरा वाचा. तुमचं लिहिणं चांगलं."

लिहिलं होतं, "परतीची लाइन तपासणे माझे काम होते. मी ते केले नाही."

ते त्याचं काम नव्हतं. माझं होतं. मी पेन उचललं. मी "मी ते केले नाही" खोडून वर लिहिलं, "माझ्याकडून राहून गेले." कागद परत दिला.

"हे बरं वाटस," तो म्हणाला आणि सही करून घेऊन गेला.

मार्चअखेर त्याचं कंत्राट वाढवलं नाही. खुलासा फाइलीत होता, वरून कुणीतरी विचारलं, प्रमुखांनी जास्त ताणलं नाही. निरोपाला निवेदकांनी समोसे मागवले. दोघी रडल्या. मी प्लेटा गोळा केल्या.

मुख्य खुर्ची मला मिळाली. मी चांगलं काम करते. पहिला शब्द आता सहसा कापला जात नाही. तरी तक्त्यावर माझं नाव बघून लोक "बरं" म्हणतात.

नाना धुळ्याला एका सरकारी कार्यालयात लागलाय, असं कळलं. तिथल्या सभा आता मोबाइलवर थेट दाखवतात, त्यांचा आवाज तो सांभाळतो. एका रविवारी मी पाणीपुरवठ्यावरची पूर्ण सभा कानाला हेडफोन लावून ऐकली. दोन तास. एकाच वेळी पाच-पाच जण भांडत होते. कुठे एखादं अक्षर तुटतंय का, शिट्टी वाजतेय का, बघत होते. काही सापडलं नाही. नवरा म्हणाला, "धुळ्याच्या पाण्यात तुला कधीपासून रस?"

मे महिन्यात अक्का केंद्रावर आल्या. भाचीकडे जळगावला आल्या होत्या. डोक्यावर पदर, हातात मोठी पिशवी. शेड उभं राहिलं होतं आणि त्यातले पहिले बिबडे त्या घेऊन आल्या होत्या. दारातूनच विचारलं, "ज्यानी त्या बाईले काढी दिधं, तो भाऊ कोठे शे?"

त्यांना मी आत बसवलं, पाणी दिलं. नाना आता इथे नसतात म्हटलं. त्यांचा चेहरा पडला. मग का कुणास ठाऊक, मी त्यांना खरं सांगितलं. म्हटलं, अक्का, तिथे कुणी बाई नव्हती. तुमचाच आवाज तुमच्या कानात उशिराने परत येत होता.

त्या बघतच राहिल्या. "तो मन्हाच आवाज व्हता? माले वाटनं, मुंबईनी कोनी शिकेल बाई शे. इतला चांगला शे मन्हा आवाज?" आणि तोंडाला पदर लावून पोट धरून हसल्या.

त्या हसत होत्या म्हणून असेल, मी पुढचंही बोलून गेले. ती चूक नानांची नव्हती, माझी होती. मला आधीच दिसलं होतं आणि मी गप्प बसले. त्यांची नोकरी त्यावरून गेली. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

अक्कांचं हसणं थांबलं. पिशवी त्यांनी माझ्याकडे सरकवली.

"मंग त्यासले सांग ना, बाई. माले काबर सांगी राह्यनी?"

बिबडे त्याला पोचवायचं मी कबूल केलं. पिशवीतला डबा मे महिन्यापासून माझ्या कपाटात वरच्या फळीवर आहे. धुळ्याची बस दर अर्ध्या तासाने सुटते, आमच्या केंद्रापासून स्टँड चालत दहा मिनिटांवर. कोरड्या जागी ठेवले तर बिबडे वर्षभर टिकतात. अजून चार महिने आहेत.