लागलेलं अक्षर

घरातले फोटो आणि रेकॉर्डिंग साठवणारा नेटवर्कचा डबा बंद पडला. त्यातली डिस्क काढून मी लॅपटॉपला जोडली, तर तो विचारू लागला, 'डिस्क वाचता येत नाही. फॉरमॅट करायची का?' मी 'हो' दाबणार, एवढ्यात बायको म्हणाली, "थांब. तुला मोडी येत नाही म्हणून अण्णांचे कागद कोरे होते का?"

अण्णा म्हणजे माझे वडील. जुने मोडी दस्त वाचण्यात त्यांची हयात गेली. आपल्याला न लागलेलं अक्षर आपण किती सहज पुसायला निघतो.

तिने लॅपटॉप विंडोजऐवजी लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर सुरू केला. त्याला डिस्कची लिपी येत होती. एकेक फोल्डर उघडत गेला, आणि गेल्या वर्षी गेलेले अण्णा स्पीकरमधून खाकरले. दस्त वाचताना एका शब्दाशी अडले, थांबले, आणि मग जिंकल्यासारखे म्हणाले, "हं, लागलं अक्षर."